गालीच्याखालचं लाकूड

आम्ही मूळचे फौजेतले, आजोबा संस्थानच्या पागेत स्वार होते, वडील नंदेसरीला एका शेठच्या केमिकल कारखान्यात पंप दुरुस्त करायचे आणि मी रावपुऱ्यात गॅरेज टाकलं. जुन्या सरदारांकडे त्या मोठ्या विलायती गाड्या होत्या ने, आठ सिलिंडरच्या, त्यांची इंजिनं उघडणारे आख्ख्या बडोद्यात दोघं-तिघं, त्यातला मी एक. आता तुम्ही म्हणाल, आम्ही बोटीचं विचारायला आलो, जावई जुनी बोट घेतायत, आणि हे गाड्यांचं काय लावलंय? सांगतो ने, थांबा. चहा राहू द्या, तो आपण नंतर घेऊ.

तेव्हा नुकता परदेशी माल यायला लागला होता, घरोघर केबल आलेली, आणि त्याच शेठनी, वडिलांच्या मालकांनी, शहराबाहेर तळ्याकाठी रिसॉर्ट काढलं. त्यांना तिथे ती बोट पाहिजे होती, जिच्यामागे दोरी धरून, पायाला फळीसारख्या लांब पट्ट्या बांधून माणूस पाण्यावरून घसरत जातो. तिचं इंजिन बोटीच्या पोटात असतं, आणि असतं मोटारीचंच, आठ सिलिंडरचं. म्हणून मला बोलावून म्हणाले, मिस्त्री, तमे जोई आवो, तमे हा कहो एटले हा. माझ्या एका शब्दावर माणूस बोट घेणार, काय सांगू तुम्हाला, छाती अशी फुगली माझी.

बोट अलकापुरीत एका बंगल्याच्या आवारात होती, आप्पासाहेब म्हणत त्यांना, मराठीच, जुन्या अधिकाऱ्यांचं घराणं. माझ्याबरोबर भीखाभाई होता, मही नदीकाठचा, होड्या बांधणाऱ्या घरातला, शेठनी बोट चालवायला ठेवलेला. रिक्षातच तो मला म्हणाला, मिस्त्री, इंजिन तमारुं, पण नीचेनुं लाकडुं ठोकीने जोजो. मी म्हटलं, हो रे बाबा.

इंजिन मी बघितलं, त्यात मी कुणाला ऐकणार नाही. तेलाची काठी काढली, तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी शिरलंय समजायचं, तसं नव्हतं. नळाचं पाणी जोडून चालू केलं, आवाज बराबर. शाफ्ट हाताने फिरवला, वाकडा नव्हता, तो जिथून बोटीबाहेर निघतो तिथलं पॅकिंग बघितलं, पंख्याची पाती बोटाने चाचपली. खरं तर पाण्यात उतरवून चालवूनच बघायला पाहिजे, पण आप्पासाहेब म्हणाले आज सोय नाही, तेही मी ऐकलं. राहिला तळ. फायबरच्या त्या जुन्या बोटीत आतून लाकडाचे वासे असतात, इंजिन त्यांच्यावरच कसलेलं असतं, ते कुजले की बोट मेली. गालीचा उचकायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, टणक वाजलं तर ठीक, धप्प वाजलं तर घरी निघायचं. गालीचा निळा होता, नवाकोरा. एवढ्या जुन्या बोटीत नवाकोरा गालीचा, अहो, तिथेच माझं डोकं चालायला पाहिजे होतं!

तेवढ्यात आप्पासाहेब म्हणाले, राव, आधी जेवून घ्या. मला राव! आजोबांचं नाव विचारलं, म्हणाले, अरे, म्हणजे तुम्ही तर घरचेच. श्रीखंड-पुरी, चांदीची वाटी, वहिनी स्वतः आग्रह करून वाढतायत. आणि भीखाभाई फाटकापाशी उन्हात बसलेला. त्याला कुणी विचारलं नाही, मीही नाही विचारलं. शी! अजून श्रीखंड समोर आलं ने, तर ते फाटक दिसतं मला.

जेवून बाहेर आलो, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, आणि आप्पासाहेब पायरीवर विडा चघळत उभे. आता ज्याच्या पंक्तीला बसलो त्याच्याच बोटीचा गालीचा उचकायचा कसा, माणसाला काय वाटेल? मी टाचेने दोनदा दाबल्यासारखं केलं आणि म्हटलं, झकास आहे. भीखाभाईने फाटकापासून ते बघितलं.

शेठनी बोट घेतली, त्याला महिनाही झाला नसेल. शेठचा पुतण्या पट्ट्यांवर उभा, भीखाभाईने बोट वळवली, आणि इंजिन वाशांतून उपटून निघालं, शाफ्टने तळ फाडला, बोट बसली पाण्यात. पुतण्या दोरीत अडकलेला, नाकातोंडात पाणी, त्याला भीखाभाईनेच ओढून काठावर आणला. मी धावत गेलो. शेठनी मला एवढंच विचारलं, गालीचो ऊंचकीने जोयुं हतुं ने? भीखाभाई बाजूलाच ओलाचिंब उभा होता.

मी म्हटलं, हा.

संपलं. शेठ भीखाभाईकडे वळले, तू दगडावर घातलीस म्हणाले, आणि त्याच दिवशी त्याला काढलं. बोट वर काढली तेव्हा मी गुपचूप आत हात घातला, तर लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. तसाच तणतणत अलकापुरीला गेलो, तर आप्पासाहेब म्हणतात, राव, बघितली तुम्हीच ने? आणि आत आवाज दिला, चहा टाका. काय माणसं! पण थुंकायचं कुणावर, त्यांच्यावर की माझ्यावर?

पुढे भीखाभाई मला बाजारात भेटला, शिंगाडे विकत होता. मी सगळं कबूल केलं. तो तराजू खाली न ठेवता म्हणाला, मने खबर हती, मिस्त्री. बोट बुडाली तेव्हा कुजक्या वाशाचे तुकडे पाण्यावर तरंगत आलेले त्याने बघितले होते. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस रे? तर म्हणतो, शेठ मारुं माने के तमारुं? खरंच, शेठ ऐकणार कुणाचं, त्याचं की माझं!

शेठ गेले, त्यांना खरं सांगायचं माझ्याकडून राहिलंच. आता मी कुणाची गाडी बघायला गेलो तर तिथलं पाणीही पीत नाही, लोक म्हणतात म्हातारा माजलाय, म्हणू देत.

तर जावईबापूंना माझा आशीर्वाद सांगा, सुखी राहा म्हणावं. बोट बघायला जाताना घरून जेवून जा. तेल बघा, शाफ्ट बघा, पाण्यात घालून चालवा, पण आधी गालीचा उचका. आणि बरोबर कुणी लाकूड जाणणारा असला ने, तर त्याला फाटकापाशी बसवू नका.