अम्मांची गुडी

— नाही, मासा नाही. वास येतोय तो वरच्या मल्याळ्यांकडचा. तुमच्यासाठी गुडी केलीय. तोंड काय वाकडं करता? आयर्लंडच्या लोकांत आजारी माणसाला देतात हे — कालची सामोली घ्यायची, हा इथल्या अरबांचा लांबडा पाव, चांगला कडक झालेला, ताजा घेतला की नुसता चिकटा होतो — कुस्करायचा, वर उकळतं दूध, साखर, किंचित जायफळ, झाकण ठेवायचं, खलास. चावायचं काम नाही. आणि तुम्हाला चावायला आहे काय — बरं, ते राहू दे.

शिकवलं कुणी? माझा झयान झाला तेव्हा इथे खमीस शहरातल्या इस्पितळात पडून होते ना मी, तिथल्या आयरिश नर्सनं. ड्युटी संपली की स्वतःच्या खोलीतून वाटी भरून आणायची, चमच्यानं भरवायची — परकी बाई! आणि माझी सासू तिकडे रत्नागिरीला नातू झाला म्हणून मोहल्लाभर पेढे वाटत होती. सून जगली की मेली, विचारायला एक फोन आला तुमचा? नाही आला. मी रडले नाही हो. लक्षात ठेवलं. — गिळा. ओढणीवर सांडलं की मलाच धुवावं लागतं.

उशीखाली काय चाचपता? कवळी? तुमच्या लेकाला मी सांगितलंय, अम्मांचं वय झालं, कुठे ठेवली कुणास ठाऊक — ते बिचारे गाडीतसुद्धा शोधून आले. तांदळाच्या डब्यात आहे. घ्या, सांगितलं! आता तुम्ही सांगा बघू कुणाला. कवळीशिवाय लेकासमोर तोंड उघडत नाही तुम्ही, लगेच ओढणी धरता — केवढा तो तोरा. मान हलवाल? ती तर कंपवातानं दिवसभर हलतेच, त्यात हो कुठलं नि नाही कुठलं, त्यांना काय कळणार?

आणि आजच विचारणार आहेत ते. रत्नागिरीचं खाडीवरचं घर विकायचं का. गिऱ्हाईक तिकडे फोनची वाट बघत बसलंय. आईच्या मर्जीशिवाय विकणार नाही म्हणतात — आणि तुम्ही आपल्या दर वेळी नाहीच म्हणायच्या, माझा मुंब्र्याचा फ्लॅट राहिला तो राहिलाच. तुम्हाला त्याच घरात डोळे मिटायचेत. माहितेय मला. पुसू का डोळे? थांबा, हात दुधाचा आहे.

माझ्या निकाहाला वकील नि साक्षीदार विचारायला आत आले, तेव्हा माझा हुंदका आवरत नव्हता. शब्द फुटेना. नाही म्हणायचं होतं मला, अम्मा. तुम्ही बायकांतून ओरडलात — पोर गप्प आहे म्हणजे कबूल आहे, लिहा! लिहिलं त्यांनी. रीतच आहे ना आपली? तुमच्या लेकाला काल हेच समजावलं मी, की तुमच्या आईला विकायचंय, पण तोंडानं बोलायला जड जातंय, गप्प राहिल्या की समजून घ्या. पटलं त्यांना.

दार वाजलं. आलेच. आ करा. अजून मोठा — हां, मिटा आता. — या हो, या, अम्मा जेवतायत. विचारा ना, ऐकू येतं त्यांना… बघा. काही म्हणत नाहीत. लावा फोन.