तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याची पंच

जबाब. मी, मुलींच्या शाळेची ग्रंथपाल, शाळेत सगळ्यांची ‘शूऽबाई’, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी, राहणार शाळेमागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरची खोली, आज रविवारी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन समक्ष सांगते की,

मी सदर शाळेत बावीस वर्षे पुस्तके सांभाळते. खेळाशी माझा काडीचा संबंध नाही. खेळाच्या सरांचा पाय प्लास्टरमध्ये असल्याने यंदाची बॅडमिंटन स्पर्धा कोणी घ्यावी, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघाला. सगळे एकदम छताकडे पाहू लागले. मी त्या वेळी चष्मा पुसत होते, त्यामुळे मला उशीर झाला. स्पर्धा माझ्या गळ्यात पडली.

नियम सरांनी फोनवरून सांगितले व मी लिहून घेतले. एकवीस पॉइंटचा एकच गेम, सर्व्हिस कमरेखालून, शटल रेघेवर पडले तर आत. शेवटचे तीन नियम मात्र माझे आहेत, त्यांचा दोष सरांना देऊ नये. जी हरेल तिने पुढच्या सामन्याची पंच व्हायचे. पंचाने खुर्चीवर असेपर्यंत रडायचे नाही, हसायचे नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही. आणि सामना संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. खुर्ची म्हणजे वाचनालयातली पाच पायऱ्यांची शिडी, वर उशी बांधलेली.

असे नियम का केले, असे विचारल्यावरून सांगते की, हरलेली मुलगी तडक स्वच्छतागृहात जाते आणि कडी लावून रडते. त्याची भिंत वाचनालयाला लागून आहे. बावीस वर्षे मी ते ऐकते आहे. हाताला काम मिळाले की माणूस सावरतो, असे माझे मत आहे. फायनल हरणारीला पुढचा सामनाच उरत नाही, ही अडचण सरांनी काढली. म्हणून मी तिसऱ्या क्रमांकाचा सामना फायनलच्या नंतर ठेवला. सर म्हणाले, “बाई, असं कुठंच नसतं.” मी म्हटले, “मग आपल्याकडे असू दे.”

काल शनिवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा सुरू झाली. एकूण सोळा मुली. हॉलमध्ये दोन कोर्टे असून मध्ये जाड पडदा आहे. फायनल दुपारी साडेतीन वाजता एक नंबर कोर्टावर झाली. तीत सहावीतली एक मुलगी एकवीस-अठरा अशी हरली. तिला सगळे ‘टाचणी’ म्हणतात, कारण ती अंगाने तशीच आहे आणि बोलली की टोचते. वय ११. घरात ती आणि आई दोघीच. आई रुग्णालयात परिचारिका आहे. स्पर्धा पाहायला येण्यासाठी आईने सुट्टी मागितली होती, ती मिळाली नाही. टाचणीने मला हे सकाळी सांगितले होते, आणि “मला काही फरक पडत नाही” असेही सांगितले होते.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना त्यानंतर दोन नंबर कोर्टावर, म्हणजे पडद्यामागे, व्हायचा होता. पण त्यातल्या एकीचा पाय मुरगळला आणि तिचे वडील तिला घेऊन गेले. सामना रद्द झाल्याचे मी माइकवरून सांगितले. माइक बाहेर अंगणात होता, हॉलमध्ये त्याचा आवाज नीट पोचत नाही. बक्षीस समारंभात उपविजेतीचे नाव दोनदा पुकारले. ती आली नाही. मुली म्हणाल्या, “रडत घरी गेली असेल.” मी ते खरे धरले. समारंभ उरकण्याची घाई होती, पाहुणे घड्याळ बघत होते.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी मी हॉलला कुलूप लावले. शिपाईमामांनी विचारले, “बाई, पडद्याच्या पलीकडे बघू का एकदा?” मी म्हटले, “बघितलंय मी.” मी बघितले नव्हते. मला पाय टेकायचे होते. हॉलची चावी मामांच्या ताब्यात असते असे जबाबात सांगावे, असे आमच्या मोठ्या बाईंनी मला सुचवले आहे. चावी मामांच्याच ताब्यात असते, हे खरे आहे. काल ती मी मागून घेतली होती आणि ती माझ्याच पर्समध्ये होती.

पाच वीसला टाचणीची आई ड्यूटी संपवून शाळेच्या फाटकाशी आली. मुलगी रोज तिथे उभी असते. नव्हती. आई घरी जाऊन आली, बसथांब्यावर पाहून आली, आणि सहा वाजता माझ्या दारात उभी राहिली. अंगावर कामावरचाच पांढरा गणवेश होता. तिने आरडाओरडा केला नाही. एवढेच विचारले, “बाई, ती तुम्हाला सांगून कुठे गेली का?” आम्ही दोघींनी मैत्रिणींची घरे, वाण्याचे दुकान, वाचनालयाची टेबले खालून-वरून, सगळे पालथे घातले. जिथे मुली रडतात तिथेही पाहिले. आई वाटेत सारखी म्हणत होती, “जिंकली असती तर गेली नसती हो कुठे.”

सात वाजता या ठाण्यात हरवल्याची खबर दिली. इथल्या हवालदारबाईंनी, ज्या आता हा जबाब लिहून घेत आहेत, मला विचारले, “शेवटचं कुठे पाहिलंत तिला?”

“हॉलमध्ये.”

“हॉल बघितला?”

“त्याला कुलूप आहे.”

“कुणी लावलं कुलूप?”

यावर मी खाली बसले. मला पाणी देण्यात आले.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी हॉल उघडला. मी दिवे लावले, हवालदारबाईंनी पडदा सरकवला. टाचणी दोन नंबर कोर्टावर शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेली होती. मांडीवर सामन्याचे गुणपत्रक, हातात पेन्सिल. जागी होती. गुणपत्रकावर तारीख, वेळ आणि कोर्ट क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. पुढचे रकाने कोरे होते.

आईने पुढे होऊन तिचे पाऊल धरले आणि कपाळ तिच्या गुडघ्याला टेकले. मग मी विचारले, “अगं, हाक तरी मारायचीस!”

“आधी वाटलं, येतील त्या दोघी खेळायला. मग कुलूप लागल्याचा आवाज आला.”

“तेव्हा का नाही ओरडलीस?”

“ओरडले असते तर रडू आलं असतं. वर बसलं की रडायचं नसतं. तुम्हीच लिहिलंय.”

मी तिला सांगितले की सामना रद्द झाला आहे, आता खाली ये. तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. “आई, खाली नको बोलावू. मॅच राहिलीय.”

आईने पर्स भिंतीशी ठेवली. मला म्हणाली, “बाई, घ्या रॅकेट.”

हवालदारबाई म्हणाल्या, “अहो, मुलगी सापडली, आता कागद पुरा करू द्या.” टाचणीने त्यांच्याकडे वरून पाहिले आणि सांगितले, “तुम्ही तिकडे उभ्या राहा. रेघ बघायला कुणीतरी लागतं.” त्या जाऊन उभ्या राहिल्या. जाताना त्यांनी मला हळूच विचारले, “रेघेवर पडलं तर आत की बाहेर?”

सामना अकरा पॉइंटचा झाला. मी जन्मात रॅकेट धरलेली नाही. आईनेही शाळा सुटल्यापासून धरली नसावी, पण तिचा हात बरा होता. माझ्या तीन सर्व्हिस कमरेच्या वरून झाल्या म्हणून पंचाने बाद दिल्या. मी हुज्जत घातली, तेव्हा मला ताकीद मिळाली. हवालदारबाईंनी एक शटल आत दिले ते माझ्या मते बाहेर होते, पण वर्दीशी कोण वाद घालणार. टाचणीने स्कोअर मोठ्याने आणि सपाट आवाजात पुकारला. ती हसली नाही. आईची बाजू तिने एकदाही घेतली नाही. मी अकरा-चार अशी हरले.

“मॅच संपली,” असे म्हणून ती एकेक पायरी उतरली. गुणपत्रकावर तिने आम्हा दोघींच्या सह्या घेतल्या, खाली स्वतः सही केली. मग ती आईच्या पोटात तोंड खुपसून म्हणाली, “आई, मी हरले गं.” आणि रडू लागली. बावीस वर्षांत मी भिंतीपलीकडून पुष्कळ ऐकले आहे. समोर उभे राहून पहिल्यांदाच ऐकले.

उगी उगी असे आई म्हणाली नाही. ती पायातले बूट काढून कोर्टावर मांडी घालून बसली, मुलीला समोर बसवले आणि म्हणाली, “मी नव्हते ना बघायला. आता सांग मला पहिल्यापासून. एकूण एक पॉइंट सांग.”

टाचणीने सांगायला सुरुवात केली. रडत रडत सांगितले, मध्येच उठून हात फिरवून दाखवले, कुठे पाय घसरला तेही दाखवले. एकूण एकोणचाळीस पॉइंट. आईने एकही गाळू दिला नाही. “थांब, बारा-दहा होतं ना? मग ती सर्व्हिस कुणाची?” असे ती विचारत होती. तोवर हवालदारबाई आणि मी नेट सोडत होतो. नेट सोडायला दोन मिनिटे लागतात. आम्हाला बराच वेळ लागला.

मुलीच्या अंगावर कुठेही इजा नाही. तिला तहान लागली होती. आईची कोणाविरुद्ध तक्रार नाही, असे तिने सांगितले आहे. माझी आहे, माझ्याविरुद्ध, ती नोंदवून घ्यावी असे मी सांगितले. त्यासाठी वेगळा रकाना नाही, असे मला सांगण्यात आले. म्हणून इथेच सांगते की, पडद्यामागे मी पाहिले नव्हते.

वरील जबाब हवालदारबाईंनी मला वाचून दाखवला. कोर्टावर माय-लेकी बसल्या तिथपर्यंत आल्यावर त्यांना पुढे वाचता येईना, तेव्हा बाकीचा मी त्यांना वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिलेला आहे.