बाकावरून उठणारा आस्लान

चहा घ्या, सांगतो. इथे परदेशात, आमच्या स्कोफिल्ड्स उपनगराच्या बागेत सावलीत एकच बाक आहे. तिथे आस्लान नावाचा म्हातारा बसतो. मी गेलो की तो ताडकन उठायचा. मला वाटलं, याला माझ्या शेजारी बसायचं नाही. मग मीही बसलो नाही. आठवडाभर आम्ही दोघं रिकाम्या बाकाजवळ उभे. माझे गुडघे दुखायचे, पण मागे कोण हटतो!

शेवटी नातीला, ईशाला, सोबत नेलं. मला इंग्रजी येत नाही. तिला मराठी कळतं, पण उत्तर देते इंग्रजीत.

"विचार त्याला, माझा वास येतो का?"

तिने विचारलं आणि हसली. मग माझ्यासाठी अडखळत मराठीत सांगू लागली.

"आबा, तो अबखाज आहे. काळ्या समुद्राकडचा. त्यांच्यात मोठा माणूस आला की उठतात. तो बसेपर्यंत बसत नाहीत. तो सत्तरचा आहे. यू आर ओल्डर."

मी बसलो. तोही लगेच बसला आणि हळू काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"घरात अबखाज बोलणारा तो एकटाच उरलाय. नातवंडांना भाषा येत नाही. पण तो आला की ती अजून उठतात."

 

परवा मी हॉलमध्ये गेलो, तर ईशा फोन ठेवून सोफ्यावरून उठली.

"बस," मी म्हणालो.

"आधी तुम्ही बसा, आबा."

गुडघे दुखत होते. तरी मी जरा वेळ उभाच राहिलो.