रूपालीच्या गेममधली गंजी

त्या दिवशी दुपारीच आभाळ काळं झाल्तं, अवकाळीचं. माझी नात रूपाली सकाळपासून जेवली नव्हती. तिनं मोबाइलचा गेम बनवलाय. कडब्याच्या पेंढ्या चारी बाजूंनी फिरवून बघायच्या अन् गंजी रचायची. ढासळली की हरलो. त्या गेमखाली कुण्या जाणत्यानं लिहिलं, "कडबा रचण्यात कुणाचं मन लागणार?"

"आबा, मी गेम काढूनच टाकते," ती म्हणली.

"थांब बाई, आधी दत्तूला दाखवू." दत्तू आमचा शेजारी. त्याच्यासारखी गंजी आख्ख्या वाटूर गावात कुणाची न्हाई.

दत्तूनं मोबाइल घेतला. गंजी ढासळली. "ह्यॅ! पुन्हा लाव." पुन्हा ढासळली. मंग तो मोबाइलात डोकंच घालून बसला.

तेवढ्यात थेंब पडाय लागले. अंगणातून त्याची बायको ओरडली, "अवो, आपला कडबा भिजून राह्यला, उठा जल्दी!"

दत्तू बिलकुल हलला न्हाई. रूपाली तोंडाला ओढणी लावून हसाय लागली, तवा माझा जीव भांड्यात पडला.

मी म्हणलं, "अरे दत्तू, कडबा!"

तो वर न बघताच म्हणला, "आबा, तेवढा तुम्ही झाका की! इथं माझी गंजी कलून राह्यली."