वळणावरच्या काचा

(यॉर्कशायर, १९३८. डोंगरातल्या बसरस्त्याचं वळण. हेट्टी ग्रीनवूड रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलीय. समोर कौन्सिलचे साहेब आणि कुदळ घेतलेला तिचा दीर अर्नेस्ट. दुपार कललीय.)

साहेब : बाई, शेवटचं सांगतो, खुर्ची उचला.

हेट्टी : मीही शेवटचं सांगते, नाही उचलत!

साहेब : रस्ता कौन्सिलचा आहे. असं कुणीही उठून त्यात जॅमच्या बरण्या पुरायच्या?

हेट्टी : बरण्या नाहीत, बरण्यांची बुडं. मागं पत्रा लावून सिमेंटात बसवलीत. बसचा दिवा पडला की अशी लखलखतात!

साहेब : आणि टायर फाटला म्हणजे?

हेट्टी : मग तुमचे चांगले बसवा की! खाली गावात अंधारात रस्ता दिसावा म्हणून लावलेत ना ते चमकणारे काचेचे डोळे, रबरातले?

साहेब : तो हमरस्ता आहे.

हेट्टी : म्हणजे हमरस्त्यावरचं मरण तेवढं मरण, होय?

अर्नेस्ट : वहिनी, जरा दमानं...

हेट्टी : तू गप रे! इथले ट्रामचे रूळ तूच उपटलेस ना? त्या रुळांच्या चकाकीवर बस हाकायचा तुझा भाऊ. रूळ गेले, आणि पहिल्याच धुक्यात बस घेऊन दरीत गेला.

अर्नेस्ट : मला हुकूम होता, वहिनी.

हेट्टी : आजही आहेच की. चालव कुदळ! आधी माझ्या पायावर चालव.

अर्नेस्ट : ...साहेब, ही धरा तुमची कुदळ. माझ्याच्यानं नाही व्हायचं.

साहेब : नोकरी जाईल, ग्रीनवूड!

अर्नेस्ट : जाऊ दे. भाऊ गेला तेव्हा नोकरी राहिली होती. काय चाटायचीय ती?

साहेब : मग मीच खणतो! सरका, बाई.

हेट्टी : खणा. पण मला सांगा, तुम्ही खाली जाणार कशानं?

साहेब : सहाच्या बसनं. का?

हेट्टी : ती माझा क्लिफर्ड चालवतो. बापाचीच फेरी मिळालीय त्याला. नवरा दिला या वळणाला, पोरगा नाही द्यायची! आणि ते बघा, धुकं उतरायला लागलंय. हं, खणा आता खुशाल.

साहेब : (उचललेली कुदळ तशीच धरून दरीकडं बघतात.)

अर्नेस्ट : साहेब, कुदळ जड आहे. खाली ठेवा.

साहेब : उद्या सकाळी बघतो.

हेट्टी : उद्याही मी इथंच असेन.

साहेब : फार हट्टी आहात तुम्ही.

हेट्टी : आहेच. आता जरा पाय उचला, साहेब. तुमच्या बुटाखालची काच पुसायची राहिलीय.