कोमट पाणी

सून — पुन्हा विचारते, बाबा. त्या पिल्लाला टबात सोडताना तुम्ही नेमकं काय करता?

सासरे — काय करणार? उचलतो, सोडतो. ती पोहते. मासा टाकला की पकडून खाते. तू सांगितलंस तसंच सगळं.

सून — टबात बाणासारखी जाते, मी स्वतः बघितलंय. आणि आज सकाळी नदीवर नेली, तर काठावर उभी राहून नुसती किंचाळत होती. एक पाय बुडवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

सासरे — नवी जागा आहे. बुजली असेल.

सून — पाणमांजर नदीला बुजलं?

सासरे — तूच म्हणाली होतीस की. यांची पिल्लं पाण्याला घाबरतात, आई मानगूट धरून ओढत नेते, दोनचारदा बुचकळते, तेव्हा कुठे पोहायला लागतात. मला आधी वाटलं तू माझी फिरकी घेतेयस. माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, आणि मासे खाणारीला शिकवावं लागतं.

सून — ते सगळं तिचं शिकून झालंय. म्हणून तर नदीवर नेलं. आमच्या प्राणी-बचाव केंद्रात पिंजरे भरलेत, म्हणून तिला घरी ठेवायची परवानगी मिळाली होती. ती काय कायमची? दुपारी वनरक्षक येणार आहेत, गाडीत पिंजरा घेऊन. त्यांच्यासमोर नदीत उतरली तर नदीत. नाही उतरली तर तिथूनच प्राणिसंग्रहालयात.

सासरे — म्हणजे जन्मभर?

सून — जन्मभर. काचेमागे, सिमेंटच्या डबक्यात.

सासरे — चार दिवस थांबायला सांग त्यांना.

सून — सांगितलं. पण नदीच्या वळणावर जे पाणमांजरांचं कुटुंब आलंय, ते मासळी आहे तोवरच राहणार. ते हलले की ही नदीत एकटी पडेल, आणि एवढं पिल्लू एकटं टिकत नाही. तुम्ही मला टाळू नका, बाबा. आई गेले दोन महिने माझ्या नावानं खडे फोडतायत, गॅस कसा संपतो म्हणून. म्हणे सूनबाईंचा हात सढळ.

सासरे — तुझ्या सासूचं काय मनावर घेतेस. तिला भांडायला भिंतही चालते. आणि गॅसचा इथे काय संबंध?

सून — टबामागे पोत्याखाली मोठं पातेलं सापडलं मला. बूड काळं ठिक्कर.

सासरे — जुनं पातेलं आहे ते.

सून — बाबा.

सासरे — कोमट करत होतो. कढत नाही गं. कोपर बुडवून बघायचो, तान्ह्या पोरासाठी बघतात तसं.

सून — अहो, पाणमांजराला गरम पाण्यानं आंघोळ?

सासरे — पहिल्या दिवशी तू तिला आणून टबाजवळ ठेवलंस आणि कामावर गेलीस. मुठीएवढं पोर, लटलट कापत होतं. माझा उभा जन्म दवाखान्याच्या लाँड्रीत गेला, बॉयलरवर. गार पाण्यात कुणी हात घातलेला मला बघवत नाही. एक पातेलं ओतलं. तिनं डोळे मिटले आणि अशी तरंगली, की म्हटलं चला, जमलं.

सून — ती थंडीनं कापत नव्हती, भीतीनं कापत होती. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ, आतले इतके दाट की पाणी कातडीपर्यंत जातच नाही. दिवसभर नदीत राहिली तरी आतून कोरडी.

सासरे — नाकाला तर लागतं ना. नाकावर कुठे केस आहेत?

सून — नाकाचं सोडा. आता तिला वाफ नसलेलं पाणी हे पाणीच वाटत नाही. नदीवर काय शोधत होती ते मला आत्ता कळतंय. वाकून वाकून हुंगत होती, मग माझ्याकडे बघून ओरडत होती. हे काय आणलंयस म्हणून.

सासरे — पहाटे न्यायची होतीस. थंडीत पहाटे नदीवर वाफ असते.

सून — पहाट गेली. साहेब दुपारी येतायत.

सासरे — थांब गं ठकी, दार नको ओरबाडू, बोलतोय ना आम्ही.

सून — काय म्हणालात?

सासरे — कुठे काय.

सून — नाव ठेवायचं नाही, अंगाखांद्यावर घ्यायचं नाही, उगाच बोलायचं नाही. तीनच गोष्टी सांगितल्या होत्या मी. तिन्ही मोडल्यात?

सासरे — बोलत नव्हतो. वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो.

सून — मला एक खरं सांगा. तिनं जाऊ नये म्हणून तर नाही केलंत?

सासरे — पहिल्या दिवशी नाही.

सून — आणि नंतर?

सासरे — नंतरचं मला नक्की सांगता येत नाही. मागल्या वर्षी न्यूमोनिया झाला, तेव्हापासून या घरात मला कुणी पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. बसा, झोपा, मफलर गुंडाळा. तुझी सासू मला काचेच्या बरणीसारखी सांभाळते. आणि हे येडं माझ्या चपलेचा आवाज आला की शीळ घालत दाराशी यायचं. कुणीतरी वाट बघत होतं गं माझी. मला बरं वाटायचं.

सून — मला सांगायचं होतंत.

सासरे — काय सांगणार, की सासऱ्याला करमत नाही, पाणमांजर राहू दे? तू ते चालू दिलं नसतंस. आणि ते बरोबरच होतं.

सून — सकाळी मी स्वतः कमरेपर्यंत उतरले नदीत. हाका मारल्या, मासा दाखवला. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मी नियम पाळले ना सगळे. मी तिची कुणीच नाही. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

सासरे — मग मी उतरतो.

सून — कुठे?

सासरे — नदीत. मानगूट धरून ओढणारी आई कुणीतरी हवीच ना तिला. मी बिघडवलंय, मीच निस्तरतो.

सून — काही नको. तुमची छाती भरली तर आई मला उभी चिरतील.

सासरे — तिला मी काय सांगायचं ते सांगतो. तू टोपली घे, आणि माझा टॉवेल घे. जाडा घे.

(नदीचं वळण. पलीकडच्या काठावर खडकांची रांग. गाडीजवळ वनरक्षक उभे आहेत, पिंजऱ्याचं दार आधीच उघडून ठेवलंय. सासऱ्यांनी मफलर काढून सुनेच्या हातात दिलाय आणि ते गुडघाभर पाण्यात आहेत.)

वनरक्षक — ताई, तुम्ही म्हणालात, काका नुसते काठावरून हाक मारतील.

सून — मी तसंच म्हणाले होते. ते माझं ऐकतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?

सासरे — आई आई गं. हे पाणी आहे की सुऱ्या आहेत?

सून — बाबा, बाहेर या.

सासरे — गप गं. ए बये, चल. ये. वाफबीफ काही नाही इथे, आहे हे असं आहे. मलाही नाही आवडलेलं.

वनरक्षक — ओरडतेय, पण काठ सोडत नाही. नाव काय ठेवलंय तिचं?

सासरे — नाव नाही तिला. नाव ठेवत नाहीत यांना.

सून — साहेब, ती येरझाऱ्या घालतेय बघा. सकाळी हेही केलं नव्हतं. आता फक्त त्यांच्याकडे बघतेय.

वनरक्षक — काका, आणखी आत जाऊ नका, पुढे खोल आहे.

सासरे — खोलच हवं. काठाजवळ राहिलो तर तिला वाटेल मी येईन परत. हं, छातीपर्यंत आलं. आता गळ्यापर्यंत. सूनबाई, दात वाजतायत ते माझेच का बघ जरा.

सून — बास झालं आता, खरंच. साहेब, तुम्ही तरी सांगा.

वनरक्षक — थांबा, ताई. टाकली उडी. उतरली ती.

सून — उतरली. बाबा, आली ती, तुमच्याकडेच येतेय.

सासरे — आली? अगं हळू, नखं लागतात. डोक्यावर चढून बसलीय ही. टक्कल आहे म्हणून घसरतेय, नाहीतर घरच केलं असतं.

वनरक्षक — पण हे काही पोहणं नाही, काका. होडी करून बसलीय ती तुमची. असं सोडलं तर तुमच्या मागोमाग घरी येईल. माझा नाइलाज आहे.

सासरे — काढून टाकतो, पुन्हा चढते. कितीदा काढू? सूनबाई, आई काय करते म्हणालीस? बुचकळते?

सून — बुचकळते आणि दूर होते. पिल्लाला टेकायला काही ठेवत नाही.

सासरे — मग डोकंच नको ना. मी बुडी मारतो.

सून — नाही. बाबा, नाही, तुमचा श्वास...

वनरक्षक — मारली बुडी.

सून — कुठे गेले? साहेब, कुठे गेले ते?

वनरक्षक — तिथेच आहेत, बुडबुडे दिसतायत. मी बूट काढतोय. आणि ती बघा, गोल गोल फिरतेय. शोधतेय त्यांना. तीही गेली खाली.

सून — बाबा!

वनरक्षक — आले वर, आले. तिकडे, खाली वाहत गेलेत थोडे. माझा हात धरा, काका. उभे राहा. खोकून घ्या आधी.

सासरे — ती... ती कुठाय?

सून — टॉवेल घ्या. अंगाला गुंडाळा आधी. काय माणूस आहे हा, जीव गेला असता माझा.

सासरे — तिला बघ. माझं काय बघतेस? पाण्याखाली माझ्या कानाजवळून गेली, मिशा लागल्या मला. वर नाही आली?

वनरक्षक — आली. तो मधला खडक. तोंडात काहीतरी आहे.

सून — मासा आहे. बाबा, तिनं मासा पकडलाय. गढूळ पाण्यात, काही दिसत नसताना. मिशांनी कळतं त्यांना, मासा हलला की.

सासरे — मिशांनी?

सून — हो. पाणी हललेलं मिशांना समजतं.

सासरे — म्हणजे मला शोधायला गेली आणि मासा घेऊन आली. हुशार आहे. मी काय, दात तुटके, मला काय खायचंय.

वनरक्षक — शांत राहा जरा. शीळ ऐकलीत? पलीकडून.

सून — कुटुंब आहे ते. तीन डोकी दिसतायत. नाही, चार.

सासरे — घेतील तिला?

सून — सांगता येत नाही. आधी वास घेतात. सगळं कुटुंब एकाच जागी शी करतं, आणि त्या वासावरून एकमेकांची खबर काढतात. कोण आलं, कोण गेलं, काय खाल्लं.

सासरे — आमच्या लाँड्रीत तेच होतं. चादरी बघून सगळ्या दवाखान्याची खबर.

वनरक्षक — एक पुढे आलीय. मोठी आहे, मादी असेल. मासा ओढतेय हिच्या तोंडातला.

सासरे — भांडतायत का?

वनरक्षक — नाही वाटत. वाटून खातायत. म्हणजे ती मोठी खातेय आणि ही बघतेय.

सासरे — घरात नवी आलेली असली की असंच असतं सुरुवातीला. काय, सूनबाई?

सून — मला नका विचारू.

वनरक्षक — निघाल्या. वळणाकडे. पाचही जणी ओळीनं. ताई, मी पिंजऱ्याचं दार लावतो. तुमचं काम झालं. काका, तुम्ही गाडीत बसा, हीटर लावतो, घरी सोडतो तुम्हाला.

सासरे — सूनबाई, माझा चष्मा तुझ्याकडे आहे, मला दिसत नाहीये. मागे वळून बघितलं का तिनं?

सून — नाही.

सासरे — एकदाही?

सून — एकदाही नाही, बाबा.

सासरे — बरं झालं. चल.

सून — मफलर घ्या. नीट गुंडाळा, कान झाका. आईंना काय सांगायचं?

सासरे — गॅसचं खरं सांगतो. ते तुझ्या माथी राहायला नको. बुडीचं मात्र नको सांगू, पाय घसरला म्हणू.

सून — साहेबांना आधी पढवावं लागेल.

सासरे — तो माणूस शहाणा दिसतो. सांगणार नाही.

सून — घरी गेल्यावर पहिलं तुमच्यासाठी पाणी तापवते. त्याच पातेल्यात. आणि अंगणातला तो टब ओतून टाकते, उगाच डास होतील.

सासरे — आजची रात्र राहू दे.

सून — बाबा, ती येणार नाही.

सासरे — माहीत आहे गं. नुसता भरलेला राहू दे. तापवू नकोस.