तिसऱ्यांदा गॅस

रूपेश : नाही, आधी मला हे सांगा धनाजीभाऊ. मार्चमध्ये गॅस भरला, एप्रिलमध्ये भरला, आज मे महिन्याची वीस तारीख. हा एसी गॅस पितो काय? की तुम्ही नुसता सिलिंडर दाखवून जाता?

धनाजी : शेठ, तोंड सांभाळून बोला. अठरा वर्सं झाली हितं नेरूळ-सीवूड्समदी एसीची कामं करतोय. आजवर कुणी चोर म्हनलं न्हाय.

रूपेश : मग गॅस जातो कुठे?

धनाजी : तेच सांगतोय. गॅस काय पेट्रोल न्हाय संपायला. एकदा भरला की मशीन मरंस्तवर तेवढाच ऱ्हातो. कमी झाला म्हंजे कुठंतरी भोक हाय. एप्रिलात मी वरचा एक सांधा झाळून दिला. वाटलं, खाडीची हवा खाल्लीय त्यानं. माझीबी चूक झाली म्हना, तवाच सगळं खोलून बघाय पायजे हुतं. पन तुमालाच घाई.

विमलबाई : वरडू नको रं रूपेश. आख्खी गल्ली जमा करशील.

रूपेश : जमा होऊ दे! आई, पोरीची पाठ बघितलीस? घामोळ्यांनी लाल झालीय. वर्षाची व्हायची अजून. रात्रभर रडते, मग जागृती तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालते. आणि हा एसी नुसता भिंतीला टांगलेला! मी आज हाफ डे टाकून आलोय. ह्यांना सोबत घेऊनच आलो. आज ह्या पार की त्या पार.

विमलबाई : न सांगता आनलास ना पन. मानसानं फोन करावा. जागृती पन घरात नाय, पोरीला लशीचा डोस द्यायला गेलीय.

रूपेश : मिस्त्री आणायला तुला अर्ज करू? एकदाच सांगतो, ऐक. सीवूड्सचा फ्लॅट भाड्याने घेतलाय. चावी खिशात आहे. रविवारी टेम्पो येतोय. आज हा एसी चालू झाला तर ठीक, टेम्पो कॅन्सल. नाहीतर बायको-पोरीला घेऊन मी चाललो. ह्या जुन्या घरात काही चालत नाही.

विमलबाई : घराला नको बोलू! तुझ्या बापसानं खाडीवर रात रात काढून बांधलाय. आमाला दोघांना सोरून जाशील?

रूपेश : दोन स्टेशनं पण लांब नाही, आई. रोज येईन.

विमलबाई : रोज येनारे ठावं हायत मना. पयले रोज येतात, मग आयतवारी, मग गनपतीला.

धनाजी : मावशी, जरा बाजूला व्हा. शेठ, रिमोट द्या. सोळावर का ठिवलाय?

रूपेश : लवकर गार व्हावा म्हणून.

धनाजी : सोळावर ठिवून लवकर व्हत न्हाय. चोवीसवर ठिवा, गार व्हायचा तर तेवढ्याच येळात हुतो. मोड बरोबर हाय. जाळी काढतो... आरं वा, फिल्टर तर चकाचक. कोन धुतं?

विमलबाई : सून. दर आयतवारी.

धनाजी : गुनाची हाय. आता लाईन बघतो. दोनशे वीस. घराची वायरिंग जुनी हाय, पन एसीला येगळी लाईन वढलीय, तिचं काय दुखनं न्हाय. खिडकीच्या वरच्या फटीत बोट जातंय, तिथं लांबी भरा. पन तेवढ्यानं आसं व्हत न्हाय. आतल्या युनिटला काय झालेलं न्हाय, शेठ. दुखनं बाहेर हाय. गच्चीवर जातो.

विमलबाई : वर नको जाऊ!

रूपेश : का?

विमलबाई : टाकी सांडलीय. शेवालावरून घसरशील, मिस्त्री. हात-पाय मोडला तं कोनाच्या नावानं?

धनाजी : मावशी, मी चौदाव्या मजल्यावर दोरीला लटकून कामं केली. तुमच्या गच्चीवरनं पडलो तर गावात नाव जाईल माझं. पाना द्या त्यो, शेठ.

रूपेश : जा तुम्ही. आई, तुझं काय चाललंय? घामाघूम झालीस.

विमलबाई : एसी नाय म्हनून घाम.

रूपेश : तुला कधीपासून एसी लागायला लागला? आणला तेव्हा काय म्हणालीस, आठवतं? "आमच्या सात पिढ्या खाडीच्या वाऱ्यावर निजल्या."

विमलबाई : निजल्या तं निजल्या. तवा वारा यायचा. आता म्होरं ती बिल्डिंग उभी केलीत, वारा तिच्या बाल्कनीत अडकतो. अन् तुमी त्यांच्याच पाया पडता.

रूपेश : कोण पाया पडतंय?

विमलबाई : त्यांच्या कागदावर सही कोनी केली? "आमच्या घराच्या आवारात मासली वालत घातली जानार नाय." शिकलेला पोरगा माझा! गाव आपला, जागा आपली, अन् लिवून देतोय आपन!

रूपेश : पोलिसात जाणार होते ते लोक! मी मिटवलं. रोज रोज वास, रोज रोज भांडण. मला ऑफिसमध्ये फोन यायचे.

विमलबाई : मिटवलंस? आमचं तोंड मिटवलंस.

(धनाजी गच्चीवरून खाली येतो. एका हातात पाना, दुसरी मूठ मिटलेली.)

धनाजी : शेठ, हात पुढं करा.

रूपेश : काय आहे? काय हे... सुकट?

धनाजी : जवळा. ताजा, आजचा. तुमच्या आउटडोअरवर जाळी टाकून वाळत घातला हुता. आन् एक जाळी पंख्याच्या म्होरं टांगलेली, दोरीनं, पार व्यवस्थित. दोनी जाळ्या उतरवून जवळा गच्चीवर पसरला, तवा कॉइल दिसला.

रूपेश : आई!

धनाजी : आधी माझं ऐका, मग भांडा. एसी थंडी तयार करत न्हाय. खोलीतली गरमी उचलतो आन् बाहेरच्या पंख्यानं फेकून देतो. म्होरं जाळी बांधली तर फेकायची कुठं? मशीन गुदमरतंय, तापतंय, बंद पडतंय. ही झाली एक गोष्ट. दुसरी, वरच्या जाळीतनं मिठाचं पानी थेट मागच्या कॉइलवर गळतंय. पितळेच्या भांड्यात लोनचं ठिवल्यावानी झालंय त्याचं. पत्र्याला बोट लावलं, भुगा झाला. नळीवर हिरवं चढलंय, चार जागी पाझर. मी सात बारीला गॅस भरला आसता तरी ऱ्हायला नसता. आन् तुमी मला चोर म्हनलात.

रूपेश : माझं चुकलं, भाऊ. तुम्हाला नको ते बोललो. पण आई, तू? तू हे केलंस? तिकडे पोर तळमळतेय आणि इकडे तू एसीवर सुकट घालतेस? डोकं ठिकाणावर आहे का?

विमलबाई : मी घातलाय. जा, काय करायचं ते कर.

रूपेश : वर मिस्त्रीला शेवाळ दाखवतेस! चोराच्या उलट्या बोंबा!

विमलबाई : मग कुठं घालू? मासली सुकवायच्या खल्यावर तू लादी घातलीस गाडी लावायला. खाडीकडं भिंत आली. गच्चीवर उघड्यावर घातला तं तुझ्या सहीचा कागद घेऊन येतात. टाकीच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला, त्या मशीनचा गरम वारा येतो. उन्हात दोन दिस लागतात, तिथं चार तासांत कडक. बिल्डिंगवाले कामावरशी यायच्या आत वास गेला, जवला डब्यात. कोनाला काय तरास?

रूपेश : म्हणजे दुपारी सुकटीसाठी एसी चालू? म्हणून जानेवारीत एवढं बिल! मला वाटलं, मीटर जुना झाला.

धनाजी : आन् म्हनून मावशी दर बारीला मला फोन करून इचारायच्या, "मिस्त्री, किती वाजता येनार?" आज तुमी न सांगता आनलंत, म्हनून घावलं.

रूपेश : बस. विषय संपला. रविवारी टेम्पो. हे सगळं मला सांगायची सुद्धा गरज वाटली नाही तुला!

धनाजी : शेठ, एक मिनीट. मावशी, रागावू नका, पन इचारतो. तुमचं गुडघं कवापासनं दुखत्यात?

विमलबाई : तू मशीन बग रं.

धनाजी : मशीनच बघतोय. मगाशी तुमी खाटंवरनं उठलात ते भिंत धरून. वरचा जिना लोखंडी, शिडीवानी उभा. मी बी कठडा धरूनच गेलो. तुमी जवळ्याची पाटी घिऊन कशा चढता?

विमलबाई : चढते. हलू हलू.

रूपेश : आई, गेल्या दिवाळीला कंदील लावायला तू वर आली नाहीस. पाय उचलत नाही म्हणालीस.

विमलबाई : तवा सूज होती.

रूपेश : बाबा नेतात का वर?

विमलबाई : बापूस पहाटचा खाडीवर जातो, येऊन जेवला की आडवा. तो कशाला चढल?

रूपेश : मग कोण चढतं? आई, माझ्याकडे बघ. कोण चढतं वर?

विमलबाई : मी बोलनार नाय. मी शबूद दिलाय.

रूपेश : जागृती?

विमलबाई : नाव तू घेतलंस, मी नाय.

रूपेश : जागृतीला मासळीचा वाससुद्धा आवडत नाही! लग्नानंतर कधी हात लावला नाही तिने!

विमलबाई : तुना काय ठावं तिला काय आवडतं? ती उरनच्या खाडीवरची, तिची आय जन्मभर जवला सुकवत आली. तुझ्या ऑफिसची मानसं घरी येतात म्हनून गप बसायची बिचारी.

रूपेश : आणि मला कुणी सांगितलं नाही.

विमलबाई : तू घरी असतोस कवा? नवाला बेलापूरला ऑफिसात, आठाला घरी, हातात मोबाईल. पोरगी झाली तवाधरनं तीन मयने ती पोर बोलत नव्हती, रूपेश! पोरीला पाजायची अन् भिंतीकडं बगत बसायची. मी रडायचे मोरीत जाऊन. तुना काय दिसलं? तिला गरम होतंय. एसी आनलास.

रूपेश : डॉक्टर म्हणाले होते, आराम द्या...

विमलबाई : ऐक! गनपती झाले, तुझ्या बापसानं टोपलीभर जवला आनला. मी निवडत बसले. ती आली, बाजूला बसली. हात घातलान अन् बोलली, "आई, आमच्याकडं याला मीठ जास्त लावतात." तीन मयन्यांनी पयला शबूद! माझे हात जवल्याचे, मना डोलं पुसता येईनात. त्या दिसापासून रोज दुपारी पोरीला निजवते, एसी लावते, वर जाते. चारला खाली येते ती गानं म्हनत येते. तू ऐकलंस कदी तिचं गानं?

रूपेश : नाही.

विमलबाई : मग मी काय सांगू तिला? बाय, एसी बिघडतो, जवला बंद कर? मना का कललं नव्हतं? दुसऱ्यांदा गॅस भरला तवाच कललं. मी म्हनलं, बिघडू दे मेला. एसी दुसरा येल.

रूपेश : अगं पण फ्लॅट मी तिच्यासाठीच घेतला!

विमलबाई : तिला इचारलंस?

रूपेश : सरप्राइज होतं. शनिवारी सांगणार होतो.

विमलबाई : सरप्राइज! लुगडं आनतात सरप्राइज. बाईला उचलून दुसऱ्या घरात ठेवतात होय? बायको बोलत नाय, एसी लावला. एसी चालत नाय, फ्लॅट घेतला. तिच्या म्होरं पाच मिनिटं बसलास असता तं कायच लागलं नसतं!

धनाजी : शेठ, मी काय म्हनतो... कॉइल नवा मागवाय लागतोय. त्याच्याबिगर गॅस भरनार न्हाय, तुमी पाया पडलात तरी. फकस्त बसवायचा कुठं ते सांगा. हितं, का सीवूड्सला? हितं आसंल तर मशीन जिन्याच्या भिंतीला सरकवतो. टाकीमागं जाळीला येगळी मांडनी करा, वर साधा पंखा लावा. त्याच्या वाऱ्यावर बी जवळा वाळतोय. मशीनच्या गरम वाऱ्यावर किती दिस काढायचं?

विमलबाई : रिक्षा थांबली बग. आली ती डोस देऊन. आन इकडं पोरीला, आन. लई रडली का ग? जागृती, अग पानी तरी पी... गेली. मागल्या जिन्यानं सरल वर गेली. ऊन उतरायच्या आत जवला उचलायचा असतो तिला.

रूपेश : धनाजीभाऊ, पाच मिनिटं थांबाल?

धनाजी : दहा थांबतो. च्या मिळंल का मावशी?

रूपेश : आई, मी... मी तिला विचारून येतो.

विमलबाई : जा. चपला खाली काढ. मिस्त्रीनं जाली उतरवून जवला गच्चीभर पसरलाय.